पाऊण घोडा

आमच्या जिल्ह्यातून अमरावतीला शिकायला गेलेल्या पोरांचा एक नियम होता. परीक्षेचा पेपर संपला की प्रश्नपत्रिकेची चार पदरी घडी करून ती पेटीच्या तळाशी ठेवायची आणि परतीच्या वाटेवर मलकापूर स्टेशन येईपर्यंत तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. उत्तरं ताडून पाहायची ती मलकापुरातच.

हा नियम कोणी घातला ते मला नक्की माहीत नाही. ऐकलं ते असं, की आमच्या आधीच्या काळात चिखलीकडचा एक विद्यार्थी गणिताचा पेपर देऊन बाहेर आला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या शहरी मुलांशी उत्तरं ताडू लागला. त्याचं एकही उत्तर जुळलं नाही. तो तसाच खोलीवर गेला, गादी गुंडाळली आणि पुढचा पेपर न देता घरी निघून आला. निकाल लागला तेव्हा गणितात तो पास होता आणि फाटकावरची मुलं नापास झाली होती. तेव्हापासून आमची पोरं परीक्षेच्या हॉलमधून मुक्यासारखी बाहेर पडत. शहरातल्या मुलांना वाटे, वऱ्हाडातल्या खेड्यांतून आलेले हे लोक फारच गंभीर आहेत. खरं म्हणजे आम्ही फक्त घाबरलेले असू.

मी इंटर सायन्सला होतो. सुलतानपुरात आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. घरातला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा होणं म्हणजे काय असतं, हे मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. एवढं सांगतो, की मी सुट्टीत घरी आलो आणि गावात कोणाची गाय आजारी पडली की मला बोलावणं येई, कारण मी 'सायन्सले' होतो. गायीला काय झालंय ते मला कळत नसे. कळत नाही असं म्हणायचं धैर्यही नसे. मग मी तिच्या डोळ्यांत थोडा वेळ पाही आणि म्हणे, 'पाणी पाजत राहा.' बहुतेक गायी बऱ्या होत. अशा रीतीने फिजिक्समध्ये माझा अभ्यास बुडत असताना गावात मात्र माझं नाव वाढत होतं.

आणि फिजिक्समध्ये मी खरोखर बुडत होतो. कॉलेजच्या चाचणी परीक्षेत मला शंभरापैकी बावीस मार्क पडले होते. पासाला तेहेतीस लागत. ही गोष्ट बाबांना सांगितली तेव्हा ते मळ्यात कांदे उपटत होते. आमचा भाजीपाल्याचा मळा आणि कोरडवाहू ज्वारीचं थोडं वावर. मोटेवर माणूस कमी पडत होता आणि तो माणूस मी, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी कांद्याची माती झटकली आणि म्हणाले, "येक डाव घे. पास झाला तं पुढं जाय. नाई झाला तं मोट हाय."

त्यात राग नव्हता, म्हणून मला अधिक भीती वाटली. रागावलेल्या माणसाला समजावता तरी येतं.

आमचे फिजिक्सचे प्रोफेसर उन्हाळ्यातही कोटाच्या सगळ्या गुंड्या लावून येत. त्यांचं म्हणणं एकच असे: प्रश्न नुसता वाचू नका, तो डोळ्यांपुढे आणा. पुली म्हटलं की पुली दिसली पाहिजे, दोर म्हटला की दोर दिसला पाहिजे. वर्गातली हुशार मुलं हे ऐकून हसत आणि सूत्रं पाठ करत. मी मात्र सांगितलेलं ऐकणारा. चाचणीनंतरचे दोन महिने मी प्रश्न डोळ्यांपुढे आणण्याचाच अभ्यास केला. पुढे जे झालं त्याचं खापर मला त्यांच्यावर फोडायचं नाही. पण थोडं फोडावंसं वाटतं.

विद्यापीठाच्या परीक्षेत फिजिक्सचा पेपर सगळ्यात शेवटी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे बडनेऱ्याला पॅसेंजरमध्ये बसलो. आम्ही एकमेकांना गावांवरूनच हाका मारत असू. एक मलकापूरवाला. त्याच्या घरी धान्याची आणि कापसाची अडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा माल त्याच्या वडिलांच्या दुकानापुढे तोलून विकला जाई. तो बोलायला धीट, अंगाने गोल, आणि आपण पास होणार यात त्याला कधी शंका नसे. दुसरा लोणारवाला. त्याच्या वडिलांचं छोटं दुकान होतं. तो काटकुळा होता आणि चेहरा न हलवता बोलायचा, त्यामुळे तो थट्टा करतोय की खरं सांगतोय हे कळायला वेळ लागे. तिसरा मी.

चार-पाच तास आम्ही नियम पाळला. मूर्तिजापूर गेलं, अकोला गेलं, शेगावला उतारू उतरले आणि चढले. मलकापूरवाल्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा लोणारवाल्याने त्यात भाजलेले शेंगदाणे कोंबले. नांदुऱ्यानंतर मलकापूरवाला खिडकीबाहेर पाहत नुसता गुणगुणत होता, "पंचवीस, पंचवीस." मी तिकडे लक्ष दिलं नाही. निदान दिलं नाही असं दाखवलं.

मलकापूर स्टेशनाबाहेर बुलढाण्याला जाणारी सर्व्हिस मोटार उभी होती. ते लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला एक उंच लोखंडी भट्टी बसवलेली असे. तीत कोळसे पेटवून क्लीनर हाताने पंखा फिरवी, आणि भरपूर धूर, भरपूर शिव्या आणि अर्धा-पाऊण तास खर्ची पडल्यावर इंजिन खोकायला लागे. आम्ही तिघे भट्टीशेजारच्या कोळशाच्या पोत्यांवर बसलो. मलकापूरवाल्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, पण तो घरी जायला तयार नव्हता. आधी उत्तरं, मग आई, असं त्याने जाहीर केलं.

आम्ही पेट्या उघडून प्रश्नपत्रिका काढल्या. पहिले चार प्रश्न व्याख्या, आकृत्या, प्रयोगांची वर्णनं असे होते. त्यांत ताडून पाहण्यासारखं फार नव्हतं. कोणी किती पानं लिहिली एवढंच सांगायचं. लोणारवाल्याने बॅरोमीटरच्या आकृतीत पारा खाली आणि पोकळी वर काढायची ती उलटी काढली होती. "माह्या बॅरोमीटरमंधी वादळ येऊन राह्यलं व्हतं," तो म्हणाला.

मग पाचवा प्रश्न आला. तो इंग्रजीत होता, पण अर्थ साधा होता. रिकामी असताना त्रेचाळीसशे रतल, म्हणजे पौंड, वजनाची एक लॉरी शंभर मण धान्याची पोती घेऊन वीस फुटांना एक फूट अशा चढावरून ताशी पंधरा मैलांनी जाते. एक मण म्हणजे ब्याऐंशी रतल धरा. घर्षण धरू नका. तर इंजिनाची अश्वशक्ती किती? याला बारा मार्क होते.

"बोला," मलकापूरवाला म्हणाला. "पाचवा. माहे पंचवीस घोडे. पुरे पंचवीस, कमी ना जास्त."

लोणारवाल्याने भट्टीकडे तोंड करून हात जोडले. "माहेबी पंचवीस. चला, येक तं गंगेत न्हालं."

मी प्रश्नपत्रिकेची घडी घालू लागलो.

"तुहे किती बे?" मलकापूरवाल्याने विचारलं.

"चोवीस," मी म्हटलं.

"चोवीस?"

"आणि थोडे."

"थोडे म्हंजे किती?"

"अठरा शतांश."

क्लीनरने पंखा थांबवून आमच्याकडे पाहिलं. लोणारवाला अतिशय गंभीरपणे म्हणाला, "चोवीस घोडे समजले. पण हे अठरा शतांश काय हाय? निस्तं शेपूट?"

मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. प्रश्न काढणाऱ्यांना पूर्ण संख्या आवडतात. उत्तर पंचवीस आलं की ते बरोबर आणि शेपूट आलं की काहीतरी घसरलंय, एवढं तर शाळेतही कळतं. हॉलमध्येही ते शेपूट पाहून मला अस्वस्थ वाटलं होतं. पण मी दोनदा गुणाकार तपासला, दोनदा भागाकार तपासला. सगळं बरोबर होतं. म्हणून मी उत्तराखाली पट्टीने दोन रेघाही मारल्या होत्या.

मलकापूरवाल्याने पोत्यातून कोळशाचा एक तुकडा काढला आणि मोटारीच्या पत्र्यावर लिहायला सुरुवात केली. "सांग. लॉरी त्रेचाळीसशे. लेहलं. आता धान्य. शंभर मण."

"पंच्याण्णव," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "शंभर लेहेलं हाय कागदावर."

"हो. त्यातले पाच गेले."

"कुठं गेले?"

"कडत्यात," मी म्हटलं, आणि म्हणत असतानाच चूक माझ्या लक्षात आली.

कडता म्हणजे काय, ते ज्याने बाजारात माल विकला नसेल त्याला सांगायला हवं. शेतकऱ्याची ज्वारी तोलली की जेवढं वजन भरतं तेवढं मांडत नाहीत. पोत्याचं वजन, माती, खडे, ओल असं सगळं धरून मणामागे दोन शेर काटून टाकतात. माल कोरडा असो, निवडलेला असो, पोतं नवं असो, दोन शेर जातातच. त्याला कडता म्हणतात. चाळीस शेरांच्या मणाला दोन शेर, म्हणजे शंभर मणांना पाच मण. लहानपणापासून मी बाबांबरोबर गाडीत बसून मेहकरच्या बाजारात जात आलो होतो. मापारी काट्यावरून आकडा ओरडे आणि त्याच दमात कडता काटून दुसरा आकडा ओरडे. पहिला आकडा आमचा कधी नसेच. मला वाटतं, वजन आणि कडता या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि हॉलमध्ये मी प्रोफेसरांचं ऐकलं होतं. प्रश्न डोळ्यांपुढे आणला होता. धान्य म्हटल्याबरोबर ज्वारी दिसली, ज्वारी दिसल्याबरोबर पोती दिसली, काटा दिसला, मापारी दिसला, मापाऱ्याच्या कानावरची पेन्सिलसुद्धा दिसली. त्यानंतर माझ्या हाताने पाच मण कधी काटले ते मला कळलंही नाही.

मलकापूरवाला आधी बिनआवाजाचा हसला. मग पोत्यावर बसला आणि आवाजासकट हसला. त्याचं धोतर कोळशाने काळं झालं तरी तो उठेना. "माह्या बापानं आजवर लय जणांचा कडता घेतला," तो डोळे पुसत म्हणाला, "पण पोट्टे परीक्षेच्या पेपरातून आणून देतीन, हे त्याच्या सपनातबी नसन."

"तुमच्या घरी तो घेतात," मी म्हटलं. "आमच्याकडे देतात. म्हणून तुझं उत्तर बरोबर आलं."

हे मी भांडायला म्हटलं नव्हतं. मला ते त्या वेळी फक्त शास्त्रीय कारण वाटलं. पण तो जरा ओशाळला. मग सावरून त्याने कोळशाचा तुकडा माझ्यापुढे धरला.

"बरं, येक सांग. कडत्याचा माल लॉरीत व्हता का नव्हता?"

"होता."

"मंग इंजिनानं तो वढला का नाई? का तो कडता लॉरीमागं पायी चालत आला?"

"चालत काऊन येईन?" लोणारवाला म्हणाला. "त्याच्यासाठीच तं पाऊण घोडा कमी केला यानं. तो पाऊण घोडा मागून कडता घिऊन येऊन राह्यला असन. तीन पायाचा."

क्लीनर पंखा सोडून पोट धरून बसला. भट्टी विझत आली. ड्रायव्हर समोरच्या हॉटेलातून ओरडला. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर रडलो असतो, आणि मलकापूरच्या मोटार स्टँडवर इंटर सायन्सच्या विद्यार्थ्याने रडणं मला बरं दिसलं नसतं.

मग आम्ही मार्क मोजले. लोणारवाल्याने यात मला मदत केली आणि त्याने एकदाही थट्टा केली नाही, त्यावरून माझी स्थिती किती वाईट आहे ते मला समजलं. मोकळ्या हाताने मोजले तरी बाकीच्या प्रश्नांचे अठ्ठावीसच्या वर जाईनात. तेहेतीस हवेत. म्हणजे मी पुढे कॉलेजात जातो की मोटेवर, हे सगळं त्या बारा मार्कांवर येऊन ठेपलं होतं. परीक्षकाने उत्तर चूक म्हणून शून्य दिलं तर मोट. रीत पाहून पाच दिले तर कॉलेज.

"रीत तं बरोबर हाय याची," लोणारवाला म्हणाला.

"रीत बरोबर हाय," मलकापूरवाला म्हणाला. "फक्त परीक्षक अडत्याच्या घरचा नसावा. तो हसून हसून मार्क टाकाचं इसरन."

घरी जायला निघाला तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर चार काळी बोटं उमटली. ती पुढे बरेच दिवस धुण्यात निघाली नाहीत.

मोटार निघाली ती मोताळ्यापर्यंत ठीक चालली. राजूरच्या घाटात आली आणि दुसऱ्या वळणावर थांबली. ती तिथे थांबतेच, असं ड्रायव्हर म्हणाला. सगळे पुरुष उतारू खाली उतरले. माझ्या शेजारी मोटार ढकलत असलेला लोणारवाला धापा टाकत म्हणाला, "पाह्य. पाऊण घोडा कमी पडला."

ढकलून दमल्यावर आम्ही दगडांवर बसलो आणि त्याने ड्रायव्हरला माझा प्रश्न सांगितला. ड्रायव्हर पोक्त माणूस होता. चाकामागे दगड लावून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या मोटारीचे किती घोडे आहेत, भाऊ?" मी विचारलं.

"पेट्रोलवर तीस व्हते. कोळशावर पंधरा. त्यातले पाच आजारी." मग त्याने विचारलं, "अन ते घासण धरू नका म्हंते, ते काय हाय?"

मी सांगितलं की रस्ता आणि चाक, इंजिनाचे भाग, हे एकमेकांवर घासतात ते सोडून द्यायचं, नाही असं समजायचं.

"घासण सोडून द्याचं?" ड्रायव्हर म्हणाला. "मंग माही नोकरीच सोडून द्याची. जो माणूस घासण सोडून देते त्याले तुहा दोन शेराचा कडता काय जड?"

लोणारवाल्याला हे फार पटलं. त्याचं म्हणणं पडलं की विद्यापीठाने एवढं मोठं घर्षण सोडून दिलंय, तर सुलतानपूरच्या माणसाने थोडं धान्य सोडलं म्हणून काय बिघडलं. मला क्षणभर बरं वाटलं. पण मोटार पुन्हा ढकलू लागलो तेव्हा दुसरंच काहीतरी मनात आलं आणि ते अजून जात नाही. मेहकरला जाताना वाटेत एक चढ लागतो. तिथे बाबा गाडीवरून उतरत, मला उतरवत आणि चाकाला खांदा लावत. ती पोती बैल ओढत होते, ती सगळी ओढत होते. बाजारात गेल्यावर मणामागे दोन शेर नव्हतेच असं ठरे, पण चढावर ते होते. बैलांनी त्यांचा कडता कधी काटला नाही. इतकी वर्षं मी गाडीमागे चालत होतो आणि हे मला विद्यापीठाचा पेपर चुकल्यावर दिसलं.

रात्र बुलढाण्यात काढून, चिखली-मेहकर करत दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुलतानपूरला उतरलो. लोणारवाला पुढे गेला. खिडकीतून तो म्हणाला, "निकालाचा पेपर आमच्या इथं मोटारीनं येते. मी पायतो तुहा नंबर. तू उगंच गायींचे डोळे पाहत राय."

बाबा मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. मी पेटी बांधावर ठेवली. त्यांनी दांडाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि विचारलं, "झाला का मंग?"

खोटं बोलावंसं वाटलं होतं. मोटारीत मी एक-दोन वाक्यं तयारही केली होती. पण बाबा हातात वांगं घेऊन त्याचं वजन छटाकापर्यंत सांगत. त्यांच्यासमोर माझी वाक्यं टिकली नसती. मी सगळं सांगितलं. लॉरी, चढ, शंभर मण, कडता.

त्यांना फिजिक्स कळलं नाही, पण बाजार कळला. खोरं मातीत रोवून ते उभे राहिले.

"कोनाचं व्हतं धान्य?"

"कोणाचंच नाही. कागदावरचं."

"अडत्या कोन व्हता?"

"अडत्या नव्हताच."

"मापारी?"

"तोही नव्हता, बाबा. नुसती लॉरी होती."

"मंग कडता मांगला कोन?"

मी बांधावरची पेटी उगाच सरळ केली.

"कोनी मांगला नाई," बाबा म्हणाले, "अन तू देल्ला. पाच मण." वाफा भरून पाणी बाहेर वाहू लागलं तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "मी आजलोक येकदाबी मांगितल्याशिवाय देल्ला नाई," ते म्हणाले. "भांडून, शिव्या खाऊन, मंग देल्ला. अन तू शिकून येऊन फुकट देल्ला."

मी नापास होईन म्हणून ते मला बोलतील असं वाटलं होतं. त्याबद्दल ते बोललेच नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, "याले बाजारात पाठवत नको जाऊ. इकाले गेला तं भाजी वाटून यीन." आई म्हणाली, शिकलेली माणसं उदार असतात. तिने हे चांगल्या अर्थाने म्हटलं की कसं, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मोटेवर उभा राहिलो. निकाल लागेपर्यंत, असं मी म्हणत होतो. बाबा काही म्हणत नव्हते. बैलांमागे उतारावरून जायचं आणि चढावरून मागे यायचं, हे दिवसभर चाले, आणि तो चढ वीस फुटांना एक फूट आहे की नाही हे मोजायची मला रोज इच्छा होई. एकदा मोजलाही. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. या दिवसांत कोणी गायीसाठी बोलावलं तर मी जात नव्हतो. पाच मण कडत्याची गोष्ट गावात पसरली होती, आणि आता लोक गायी दाखवण्याऐवजी मला काटा दाखवू लागले होते.

निकाल जूनमध्ये आला. मेहकरकडून येणारी मोटार आमच्या गावी थांबली, कोणी उतरलं नाही, आणि ती लोणारला निघून गेली. दुपारी तीच मोटार लोणारहून परत आली तेव्हा तिच्या टपावर लोणारवाला बसला होता. त्याने खाली न उतरताच वर्तमानपत्राची गुंडाळी माझ्याकडे फेकली.

"हाय बे तुहा नंबर," तो म्हणाला. "पाय, तिसऱ्या कॉलमात."

"तुझा?"

"माहाबी हाय. उलट्या बॅरोमीटरसकट."

"मलकापूरवाल्याचा?"

"त्याचा नाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा हलला. "केमिस्ट्रीत गेला."

मोटार मेहकरकडे निघून गेली. त्याला तिकडे काही काम होतं की केवळ हे सांगायला तो आला होता, ते मी अजून विचारलेलं नाही.

मार्कांचा कागद पुढच्या महिन्यात टपालाने आला. फिजिक्सला सदतीस. मी तो घेऊन मळ्यात गेलो. बाबा सुतळीने भाजीच्या टोपल्या बांधत होते. कागद त्यांना वाचता येत नव्हता, पण त्यांनी तो हातात घेतला, उन्हात धरून पाहिला आणि परत दिला.

"किती पडले?"

"सदतीस. तेहेतीस लागत होते."

"अन त्या कडत्याच्या सवालाले?"

ते नक्की कळायला मार्ग नव्हता. पण मलकापुरात आम्ही मोजले होते. बाकीचे अठ्ठावीस धरले, तर त्या प्रश्नाचे नऊ आले असणार. मी तसं सांगितलं.

"नऊ कितीपैकी?"

"बारापैकी."

"म्हंजे तीन काटले." बाबांनी सुतळी दातात धरून गाठ ओढली. मग सुतळी काढून विचारलं, "बारावर तीन?"

"हो."

"चाळीसवर दोन घेते मेहकरात," ते म्हणाले, "तं मी तोंड फाटेस्तोवर भांडतो. अन यानं बारावर तीन घेतले, तू काई बोलला नाई?"

"तिथे बोलता येत नाही, बाबा. पेपर तपासणारा कोण ते कोणालाच माहीत नसतं."

त्यांनी मान हलवली. विद्यापीठ ही काय चीज आहे ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं असावं असं मला वाटतं.

"जाय मंग," ते म्हणाले. "मोटेवर मी माणूस पायतो." टोपली उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर दिली. वांगी होती. बांधापर्यंत गेलो तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "किती हाय वजन?"

मी थोडा थांबलो. डोक्यावर नीट तोलून पाहिली.

"साडेसात शेर," मी म्हटलं.

"आठ हाय," बाबा म्हणाले. "अजून काटूनच राह्यला."